सपाट वाटेचं वेळापत्रक वारा ठरवतो

आपल्याकडे दोन सायकलवाले भेटले की बोलणं घाटावर जातं. सिंहगडाला किती वेळ लागला, कसारा एका दमात केलास का, आंबेनळीत किती वेळा पाय टेकलास. सपाट रस्त्याबद्दल कुणी विचारत नाही. त्यामुळे ‘इटलीत दोन दिवस सायकल चालवणार आहे आणि वाटेत एकही चढ नाही’ असं मी गटात सांगितलं, तेव्हा मंडळींनी पुढच्या रविवारच्या घाटाचं बोलायला सुरुवात केली.

ती वाट करून आल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. सपाट वाट सोपी असते हा गैरसमज आहे. घाटात चढ दिसतो, त्यामुळे आपण तयारीनं जातो. सपाट प्रदेशातला चढ म्हणजे वारा, आणि तो नकाशावर दिसत नाही. मात्र वारा, पाणी आणि सावली यांचा हिशेब आधी जमवला, तर गाड्यांचा आवाज नसलेली, नदीला खेटून जाणारी मुरमाची वाट जे सुख देते, ते मला अजून कुठल्या घाटमाथ्यावर मिळालेलं नाही. युरोपात नातेवाइकांकडे जाणाऱ्या किंवा व्हेनिसची सहल ठरवणाऱ्या मराठी सायकलस्वारांनी त्यात दोन दिवस या वाटेसाठी काढावेत, म्हणून हा लेख.

वाट कुठली आणि ती अशी का

व्हेनिसच्या उत्तरेला तीसेक किलोमीटरवर त्रेविझो हे शहर आहे. त्यातून सीले नदी वाहते. तिच्या काठानं निघायचं, व्हेनिसच्या लगूनपाशी उतरायचं आणि लगूनच्या कडेनं येझोलोला पोचायचं. अंतर पन्नासेक किलोमीटर. दुसऱ्या दिवशी पुढे कावाल्लीनोच्या चिंचोळ्या भूपट्टीवर फिरायचं. लगून म्हणजे समुद्र आणि जमीन यांच्यामध्ये वाळूच्या दांड्यांनी अडवलेलं उथळ खारं पाणी. व्हेनिसची लगून सुमारे ५५० चौरस किलोमीटरची आहे, आणि १९८७ पासून ती शहरासकट युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

सीले डोंगरातून धावत येणारी नदी नाही. आल्प्सच्या पायथ्याकडचं पाणी वरच्या मैदानातल्या वाळूत आणि गोट्यांत मुरतं, जमिनीखालून सरकतं आणि चिकणमातीचा थर आडवा आला की झरे होऊन वर येतं. त्रेविझोच्या पश्चिमेला काझाकोर्बा गावाजवळच्या अशा झऱ्यांतून सीले निघते आणि सुमारे ९५ किलोमीटर वाहते. झऱ्यांवर जगणारी असल्यानं ती उन्हाळ्यात आटत नाही, आणि डोंगरी नद्यांसारखे तिला अचानक लोंढेही येत नाहीत. म्हणूनच तिच्या अगदी काठाला वाट टिकली. अनेक ठिकाणी तुमचं चाक आणि पाणी यांच्यात हातभर गवत असतं.

या वाटेला तिकडे ‘रेस्तेरा’ म्हणतात. मालानं भरलेल्या सपाट बुडाच्या लाकडी नावा, म्हणजे ‘बुर्ची’, लगूनमधून त्रेविझोकडे प्रवाहाविरुद्ध न्यायच्या असत. काठावरून बैल आणि घोडे दोर लावून त्या ओढत. त्यांच्या चालीसाठी ही वाट पडली, म्हणून ती इतकी सपाट आहे. १९७०च्या दशकात ही वाहतूक संपली. १९९१ मध्ये नदीचा परिसर संरक्षित उद्यान झाला आणि ओढणाऱ्यांच्या वाटेवर चालणारे आणि सायकलवाले आले.

खालच्या अंगाला, पोर्तेग्रांदी गावापाशी, नदी आज ज्या पात्रातून वाहते ते माणसानं खोदलेलं आहे. गाळ आणि गोडं पाणी येऊन लगून बुजेल, या धास्तीनं व्हेनिसच्या प्रजासत्ताकानं १६८३ मध्ये सीले लगूनबाहेरून वळवली आणि पिआवे नदीच्या जुन्या पात्रात सोडली. या प्रवासातला सर्वांत देखणा टप्पा याच कालव्याच्या बांधावर आहे. कोकणातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून घातलेला खारभूमीचा बांध, त्यातली उघाडी, गोव्यातल्या खाजनांना असते ती मानस, हे ज्यानं पाहिलं आहे त्याला इथली जलद्वारं आणि बांध ओळखीचे वाटतील.

कधी जावं

एप्रिलच्या मध्यापासून मे अखेरपर्यंत, किंवा सप्टेंबरपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. जुलै-ऑगस्टमध्ये लगूनकाठचं ऊन आपल्याकडच्या मे महिन्यासारखं दमट असतं, आणि येझोलोचा किनारा सुट्टीवाल्यांनी भरलेला असतो. हिवाळ्यात या मैदानात दाट धुकं उतरतं.

मेच्या मध्यात सूर्यास्त साडेआठच्या सुमारास होतो, ऑक्टोबरच्या मध्यात साडेसहाच्या आतच. शरदात जाणार असाल तर निघण्याची वेळ त्यानुसार अलीकडे ओढा. पाऊस पडून गेल्यावर एक दिवस थांबता आलं तर थांबा. दाबलेला मुरूम लवकर सुकतो, पण झाडांखालचे मातीचे तुकडे चाकाला चिकटत राहतात.

सायकल आणि टायर

महागडी ग्रॅव्हल बाइक हवीच असं नाही. सरळ हँडलची, ३८ ते ४५ मिलिमीटर रुंद टायर बसणारी हायब्रिड सायकल पुरते. रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीचे २५ मिलिमीटरचे टायर मात्र नकोत. सुट्या खडीत ते रुततात आणि मनगटं दुखू लागतात.

त्याहून मोठी चूक आपण हवेत करतो. डांबरी रस्त्याच्या सवयीनं टायर दगडासारखे फुगवतो. सत्तरेक किलो वजनाच्या माणसाला ४० मिलिमीटरच्या टायरमध्ये ३५ ते ४० पीएसआय हवा पुरेशी होते. मागे सामान असेल तर मागच्या चाकात तीन-चार जास्त. हवा कमी असली की टायर बारीक खड्यांवरून उड्या मारत नाही, त्यांना पोटात घेऊन पुढे जातो. पहिल्या पाच किलोमीटरनंतर थांबा. हाताला मुंग्या येत असतील तर थोडी हवा सोडा. चाकाची धाव दगडावर आपटल्याचा आवाज येत असेल तर थोडी भरा.

सायकल त्रेविझो किंवा मेस्त्रेमध्ये भाड्यानं मिळते. ताब्यात घेताना पाच गोष्टी स्वतः बघा: दोन्ही ब्रेक, सगळे गिअर, टायरच्या कडा, बसण्याची उंची आणि दिवे. सोबत दोन ट्यूब, पॅच, टायर लिव्हर, पंप, मल्टी-टूल आणि चांगलं कुलूप ठेवा. बसायची गादी घरून न्या. ओळखीची गादी हा सपाट वाटेवरचा सर्वांत मोठा आराम आहे, आणि त्याचं कारण पुढे येतंच.

पहिला दिवस: त्रेविझो ते येझोलो

सकाळी आठच्या आत निघा. मी साडेदहाला निघालो होतो. त्याची किंमत दुपारी मोजावी लागली.

शहराच्या दक्षिणेकडून रेस्तेरा सुरू होते आणि काही मिनिटांतच गाड्यांचा आवाज मागे पडतो. पाणी इतकं स्वच्छ की तळाशी प्रवाहाच्या दिशेनं विंचरल्यासारखं पडलेलं लांब हिरवं पाणगवत दिसतं. सहा-सात किलोमीटरवर काझिएरच्या अलीकडे वाट लाकडी फळ्यांच्या पुलावर चढते. इथे उतरा आणि सायकल हातात धरून चाला. फळ्या ओल्या असल्या तर निसरड्या असतात, पण उतरायचं खरं कारण खाली पाण्यात आहे. हे बुर्चींचं स्मशान. वाहतूक संपल्यावर नाविकांनी आपल्या जुन्या नावा इथेच सोडल्या. आता पाण्याबाहेर उरल्या आहेत त्यांच्या फासळ्या, काळ्या पडलेल्या, वर शेवाळ आणि गवत उगवलेल्या. मी पाहिलं तेव्हा एका फासळीच्या बेचक्यात रानबदकीण अंडी उबवत बसली होती. ज्यांच्यासाठी ही वाट झाली, त्या नावा आजही वाटेशेजारी आहेत. तिथे दोन मिनिटं गप्प उभं राहावंसं वाटतं.

पुढे काझिएर, मग काझाले, मग मुझेस्त्रे. काही तुकडे कमी वर्दळीच्या डांबरी गावरस्त्यांवरून जातात, बाकी मुरूम. काझालेला, साधारण सतरा किलोमीटरवर, न्याहारी करा. मुझेस्त्रेसमोर नदीपल्याड क्वार्तो दालतीनो आहे. तिथे रेल्वे स्टेशन असल्यामुळे ज्यांना अर्धाच प्रवास जमणार असेल ते इथे थांबू शकतात किंवा इथून सुरू करू शकतात. जवळच रोमनांचं आल्तीनुम शहर होतं. व्हेनिस वसण्याआधीचं हे बंदर, आणि इथले लोक पुढे लगूनमधल्या तोर्चेल्लो बेटावर गेले. आज तिथे पुरातत्त्व संग्रहालय आहे.

तिसाव्या किलोमीटरच्या आसपास पोर्तेग्रांदी येतं. इथे नदी आणि लगून यांना जोडणारा जुना जलपाश आहे, म्हणजे नाव एका पाण्यातून दुसऱ्या पाण्याच्या पातळीवर घेणारी दोन दारांची कुंडी. इथे हमरस्ताही ओलांडावा लागतो. तिकडे वाहनं उजवीकडून चालतात, त्यामुळे आधी डावीकडे बघायचं. दोन तास फारशा गाड्या न दिसल्यानं आपण सैलावलेले असतो. म्हणून इथे उतरून, सायकल ढकलत ओलांडा.

त्यानंतर कापोसीलेपर्यंत नऊ-दहा किलोमीटर बांध. डाव्या हाताला नदीचं हिरवट गोडं पाणी, उजव्या हाताला लगूनचं करडं खारं पाणी, मध्ये तुम्ही. भरती-ओहोटीनुसार बुडणारी-उघडी पडणारी खारगवताची बेटं दिसतात. तिकडे त्यांना ‘बारेने’ म्हणतात. बगळे तर असतातच, नशीब असेल तर रोहितही दिसतात. सूर्य मागे असेल आणि हवा स्वच्छ असेल, तर क्षितिजावर तोर्चेल्लोच्या चर्चचा मनोरा शोधा.

या टप्प्यात सावली नाही, दुकान नाही, नळ नाही. मी पोर्तेग्रांदीला पोचलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते आणि बाटलीत दोन घोट उरले होते. समोरून समुद्राचा वारा. सकाळी ताशी अठरा किलोमीटरनं सहज जाणारी सायकल अकरावर आली. नऊ किलोमीटरला पाऊण तासाच्या वर लागला, आणि आजूबाजूला इतकं सुंदर असताना माझी नजर फक्त पुढच्या चाकावर होती. ती हळहळ अजून आहे. तुम्ही ती चूक करू नका. पोर्तेग्रांदीत प्रत्येकी दीड-दोन लिटर पाणी भरल्याशिवाय बांधावर चढू नका, आणि बारा वाजायच्या आत चढा.

कापोसीलेपासून येझोलो गाव दहा-बारा किलोमीटर, नदीच्या संगतीनंच. किनाऱ्यावरच्या हॉटेलांचा भाग गावापासून आणखी चार-पाच किलोमीटर पुढे आहे. खोली घेताना हा फरक लक्षात ठेवा.

वाऱ्याशी वागणूक

उबदार, निरभ्र दिवशी दुपारी जमीन तापते आणि समुद्राकडून वारा सुटतो. त्रेविझोहून येझोलोकडे जाणाऱ्याला तो समोरून लागतो. दुसरा वारा ‘बोरा’, ईशान्येकडून येणारा, थंड आणि दांडगा. बांधावरच्या टप्प्यात तोही समोरच येतो. म्हणून आदल्या संध्याकाळी हवामानाचा अंदाज बघताना पावसाआधी वाऱ्याची दिशा बघा. ईशान्येचा जोरदार वारा असेल तर प्रवास उलटा करा. रेल्वेनं सान दोनाला जा आणि त्रेविझोकडे या, वारा पाठीवर घेऊन.

तरीही समोर आलाच, तर त्याच्याशी भांडू नका. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे वेग टिकवायला जाल तर पायातली ताकद भलत्या दरानं संपेल. गिअर हलका करा, पायांची लय तीच ठेवा, कोपरं वाकवून अंग खाली घ्या. चौघं असाल तर पाच-पाच मिनिटं पुढे राहण्याची पाळी लावा. मात्र मुरमावर पुढच्याच्या चाकाला चिकटू नका. खड्डा आणि दगड दिसण्याइतकं, दोन सायकलींचं अंतर हवं.

घाटात उतार आला की पायांना आणि बैठकीला विश्रांती मिळते. इथे उतारच नाही, त्यामुळे पॅडल सतत मारावं लागतं आणि गादीवरचा दाब हटत नाही. दर पंधरा मिनिटांनी अर्धा मिनिट पॅडलवर उभं राहायचं, हातांची पकड बदलायची आणि तासाला एकदा खाली उतरायचं. वळणावर सुटी खडी दिसली तर वळण्याआधीच वेग कमी करा. वळता वळता पुढचा ब्रेक दाबलात तर पडणार हे नक्की.

दुसरा दिवस: कावाल्लीनो आणि लिओ पिक्कोलो

येझोलोहून कावाल्लीनोच्या भूपट्टीवर उतरा. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला लगून, मध्ये भाजीचे मळे. पोर्देल्यो कालव्याच्या कडेनं सायकलवाट आहे. तिचा बराच भाग काठाबाहेर पाण्यावर अधांतरी बांधलेला आहे. तिथून लगूनच्या आत शिरणाऱ्या अरुंद रस्त्यानं लिओ पिक्कोलो या वाडीपर्यंत जा. दोन्ही बाजूंना उथळ पाणी आणि मासे पाळण्याच्या बंदिस्त खाजणी. रस्ता वाडीपाशी संपतो, तिथूनच परत फिरायचं. सकाळी लवकर जा, म्हणजे पक्षीही भेटतील आणि गाड्यांचीही अडचण होणार नाही.

शेवटी पुंता साब्बिओनीचा धक्का. इथून व्हेनिसला बोट जाते. सायकल कुलूप लावून इथेच ठेवा. व्हेनिसच्या जुन्या शहरात सायकल चालवायला मनाई आहे, हातात धरून न्यायलाही.

परतीचा रस्ता, आणि एक फसवं नाव

येझोलोला रेल्वे नाही. वेळापत्रकात ‘सान दोना दि पिआवे–येझोलो’ असं स्टेशन दिसतं, पण ते सान दोना गावात आहे, किनाऱ्यापासून सुमारे वीस किलोमीटर आत. परतीच्या दिवशी हे अंतर हिशेबात धरा. तिथून मेस्त्रे आणि व्हेनिसकडे गाड्या मिळतात.

सायकल न्यायची तर वेळापत्रकात सायकलीचं चिन्ह असलेली प्रादेशिक गाडी निवडा आणि सायकलीचं वेगळं तिकीट काढा. वेगवान गाड्यांत उघडी सायकल चालत नाही, चाकं काढून पिशवीत भरावी लागते.

खाणं-पिणं

खेड्यांतली बरीच दुकानं दुपारी साडेबारा ते साडेतीनच्या सुमारास बंद असतात, त्यामुळे दुपारचं खाणं सकाळीच पाठीवर घ्या. खजूर, शेंगदाण्याची चिक्की आणि मेतकूट-पोहे घरून नेले तर कुठेच अडत नाही. शाकाहारी माणसाला टोमॅटोचा पास्ता, मक्याची पोलेंता आणि भाज्या सगळीकडे मिळतात. वसंतात या भागातली पांढरी शतावरी मिळते. हिवाळ्यात त्रेविझोचा लाल रादिक्यो येतो, तो झऱ्यांच्या पाण्यात ठेवूनच फुलवतात. म्हणजे सीलेला जन्म देणारं पाणी ताटातही येतं. कडक शाकाहारी असाल तर लक्षात ठेवा, पार्मेसान चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण असतं.

नियम आणि रीत

सायकलीला घंटा, पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लागतो. सूर्यास्तानंतर अर्ध्या तासानं गावाबाहेर सायकल चालवताना चमकणारं जाकीट सक्तीचं आहे. हेल्मेटची सक्ती नसली तरी घालाच. आपत्कालीन क्रमांक ११२. शेंगेन व्हिसासाठी प्रवास विमा घ्यावाच लागतो, तो घेताना त्यात सायकल चालवणं धरलं आहे का ते वाचा. संध्याकाळी पाणथळीत डासांचे थवे उठतात. ओडोमॉस किंवा त्याच्या जोडीचं काही खिशात असू द्या.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट कायद्यात लिहिलेली नाही. गाड्या नसलेली वाट मोकळी नसते. तिच्यावर आजोबा नातवाची बाबागाडी ढकलत असतात, कुणी कुत्रा फिरवत असतं, कुणी गळ टाकून बसलेलं असतं. दुरून एकदा घंटा वाजवा, वेग चालण्याइतका करा, ‘बॉन्जोर्नो’ म्हणा आणि मग पुढे जा. पाहुणा म्हणून आपण जसे वागू, तशी पुढच्या पाहुण्याची वाट राहील.

घरी सराव

जाण्याआधी महिनाभर रविवारी कालव्याकाठच्या मुरमाच्या रस्त्यावर सराव करा. तो रस्ता जलसंपदा विभागाचा असतो, म्हणून आधी विचारून घ्या. चाळीस-पन्नास किलोमीटर, पॅडल न थांबवता, त्यातला एक रविवार मुद्दाम समोरच्या वाऱ्याचा निवडून. पाय घाटानं तयार होतात. बैठक आणि संयम तयार होतो तो सपाटीवर.

आणि प्रत्यक्ष तिथे, पोर्तेग्रांदीच्या जलपाशापाशी, पाणी भरून झाल्यावर लगेच निघू नका. बांधावरचं गवत कुठे झुकलंय ते बघा. तुमच्याकडे झुकलं असेल तर गिअर हलका करा आणि येझोलोला पोचायची वेळ तासभर पुढे ढकला. पुढे झुकलं असेल तर तो तास वाचतोच आहे. तो बांधावर थांबत थांबत, दोन्ही बाजूंचं पाणी बघण्यात खर्च करा.